सूनबाईच्या चाकूचे दात

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट असून प्रत्येकाची दहाच्या दहा बोटं जागच्या जागी आहेत. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढे चाकूंचा विषय आहे आणि तुम्ही आईच्या काळजाने वाचणार. तुमची कंबर आता कशी आहे? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाहायचं म्हणजे कंबर धरणारच. आमच्या ह्यांची तर नुसती शब्दकोड्यात वाकून धरली आहे. व्याह्यांना नमस्कार सांगा. त्यांनी साखर सोडल्याचं कळलं. आमच्याकडेही तो विषय रोज निघतो आणि चहा पिता पिता मिटतो.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही पलीकडून 'आ करा' म्हणालात आणि मी केला. (बराच वेळ. मग लक्षात आलं की ते खुर्चीतल्या माणसाला होतं.) दुसऱ्यांदा तुमचं ते गुणगुणणारं यंत्र सुरू झालं आणि तो आवाज ऐकून मीच घाबरून फोन ठेवला. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात माणसाला मधेच कुणी थांबवत नाही, आणि ही हकीकत मला मधेच थांबवली तर पुन्हा सुरू करण्याचं धैर्य होणार नाही.

आमचं दुकान तुम्ही लग्नाच्या गडबडीत पाहिलंत, म्हणजे पाहिलं नाहीतच. पुढे काउंटर, त्यावर आमचे हे आणि त्यांचं शब्दकोडं. मागे भिंतभर दोरांची रिळं, जाड, बारीक, पांढरे, निळे. वरच्या फळ्यांवर ताडपत्र्या, कोपऱ्यात सुतळीचे गठ्ठे, आणि मधोमध दोर मोजायचं मशीन. त्याला मोटर आहे. बटण दाबलं की दोर एका रिळावरून दुसऱ्यावर गुंडाळला जातो आणि किती मीटर झाला ते छोट्या खिडकीत दिसतं. आमच्याकडे कापल्याशिवाय काही विकलं जात नाही, त्यामुळे या दुकानात ज्याचा चाकू त्याचं राज्य. तो बावीस वर्षं माझा होता. घडीचा, लाकडी मुठीचा, साध्या सरळ धारेचा. दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी ओल्या दगडावर एका बाजूने दहा, दुसऱ्या बाजूने दहा. मग वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून वरून खाली चिरायचा. मधे अडकला तर पुन्हा दहा-दहा. आमचे हे म्हणतात, या बाईच्या जिभेला आणि चाकूला एकाच दगडावर धार लावतात. म्हणोत बापडे. शब्दकोड्यात त्यांना धार लागत नाही.

अशा या राज्यात तुमची लेक आली. सुरुवातीचा एक आठवडा ती नुसती बघत उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाली, "अहो आई, दोराला दातेरी पातं बरं पडेल." (ती मला 'अहो आई' म्हणते आणि तुम्हाला नुसतं 'आई'. माझी काही तक्रार नाही. फक्त त्या एका 'अहो'त आमच्या जाड दोराची दोन रिळं मावतील एवढं अंतर आहे, हे आपलं सहज नोंदवून ठेवते.) मी म्हटलं, पातं दातेरी कशाला, करवतच आण की. ती हसली. पुढच्या मंगळवारी अवजारांचा विक्रेता आला तेव्हा तिने त्याच्याकडून पाच चाकू काउंटरवर मांडून घेतले आणि मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात घेतात तशी एकेकाची परीक्षा सुरू केली.

हे मी जवळून पाहिलं, म्हणून सांगते. निवड कशी करावी ते तुमच्या लेकीकडून शिकावं. (मुलगा आमचा निवडला, यातही ते दिसलंच.) एका चाकूचे दात अगदी बारीक आणि टोकदार होते. तिने त्याने दोर कापून पाहिला, आणि दोराचे धागे नुसते ओढले जाऊन पिंजारलेल्या मिशीसारखे बाहेर आले. म्हणाली, हे दात दिसायला भयंकर आहेत, पण पहिल्याच फळीवर टोकं मोडतील. दुसऱ्याला मोठ्या गोलसर खाचा होत्या, चमच्याच्या कडेने उकरल्यासारख्या. दोर खाचेत बसतो, घसरत नाही, आणि धार खाचेच्या आत असल्यामुळे लवकर झिजत नाही, असं तिने मला समजावलं. मग पातं उघडून त्याची पाठ काउंटरच्या कडेवर जोरात दाबली, उघडलेलं पातं बोटांवर मिटत नाही ना ते पाहायला. मग हातमोजा घालून एका हाताने उघडून पाहिला. मग विक्रेत्याला विचारलं, ओल्या दोराने गंज धरेल का? तो बिचारा तोवर घामाघूम झाला होता. शेवटी मोठ्या खाचांचा निवडला. खाचा अकरा. मोजायची गरज नव्हती, पण तिने मोजल्या. म्हणाली, "दातांचं काम दातांनीच करावं, अहो आई." दंतवैद्याची मुलगी! मला हे लग्नाआधीच उमगायला हवं होतं.

त्याच आठवड्यात आमचा तो तंबूवाला आला. भला माणूस, पण पाऊस पडून गेल्याशिवाय त्याला दोराची आठवण होत नाही. त्याला जाड नायलॉनचे चाळीस तुकडे हवे होते, आणि तो गठ्ठा नेमका गळक्या पन्हाळीखाली भिजलेला. वीस मी घेतले, वीस तिने. माझा चाकू ओल्या दोरावरून असा घसरायला लागला, की जणू तो दोराची समजूत घालतोय. तिच्या बाजूने नुसतं खर्र, खर्र, आणि तुकडा खाली. तिचे वीस झाले तेव्हा माझे नऊ होते. तंबूवाला म्हणाला, "वहिनी, राहू द्या, उरलेले सूनबाईच कापतील." बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. वर आमच्या ह्यांनी काउंटरवरून विचारलं, चार अक्षरी शब्द, अर्थ 'पराभूत होणे'.

पण देव सगळ्यांचा असतो. मग निघाली ताडपत्री. तिच्या दातेरी पात्याने कापलेली कड अशी आली, की वाटावं उंदरांनी सहभोजन केलंय. मी माझा चाकू उघडला, ताडपत्री ताणली, आणि एका ओढीत सरळ रेघ. (ती रेघ तंबूवाल्याला फक्त दोनदा दाखवली.) म्हणजे पाहा, दोघींचंही खरं होतं: दोर, पट्टे, चिवट धाग्यांचं काही असेल तर दात हवेत, ताडपत्री, कागद, जिथे कड स्वच्छ हवी तिथे साधी धार. शहाण्या बायकांनी तिथेच समेट केला असता. आम्ही दोघीही शहाण्या असल्यामुळे दोघींनीही वाट पाहिली, दुसरी करते का.

आता खरी गोष्ट. मागच्या महिन्यातल्या एका गुरुवारी सूनबाई आणि मुलगा माल पोहोचवायला गाडी घेऊन गेले. तिचा चाकू खणात राहिला. मी सहज उघडून पाहिला. (सहज म्हणजे खण उघडून, वरचे हातमोजे बाजूला करून, चाकू काढून, खिडकीपाशी नेऊन.) दोराची टोकं आम्ही उसवू नयेत म्हणून ज्योतीवर वितळवतो, त्या वितळलेल्या नायलॉनचे कण खाचांत अडकून काळे झाले होते, आणि धारही जरा मंदावली होती. माझ्या मनात आलं, पोरगी दमून येईल, आपण हिच्या चाकूला धार लावून ठेवू. विहीणबाई, तुमची शपथ, मनात शंभर टक्के चांगुलपणाच होता. बरं, नव्वद म्हणा.

आधी खाचा साफ केल्या. त्यासाठी दात घासायचा ब्रश उत्तम. (तो ह्यांचा होता हे मला नंतर कळलं, ह्यांना अजून कळलेलं नाही.) इथपर्यंत सगळं बरोबर होतं, आणि इथेच थांबले असते तर हे पत्र अर्ध्या पानात आटोपलं असतं. पण मग मी माझा ओला दगड काढला आणि बावीस वर्षांच्या सवयीने पातं आडवं टाकून सुरुवात केली. एका बाजूने दहा, दुसऱ्या बाजूने दहा. कागद काही चिरेना. आणखी दहा-दहा. हात तापला, मन रमलं, रेडिओवर बातम्या लागून संपल्या. शेवटी कागद चिरला! मी आनंदाने पातं उजेडात धरलं आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. दातांची टोकं साफ गेली होती. जिथे खणखणीत अकरा खाचा होत्या तिथे पाण्यावर तरंग उठावेत तशी नुसती हलकी लाट. तुमच्या भाषेत सांगायचं तर बत्तिशी गेली, हिरड्या उरल्या.

चाकू रुमालात गुंडाळून मी चौकातल्या धारवाल्याकडे पळाले. तोंडाने फटकळ माणूस आहे, पण हात सोन्याचा. त्याने पातं पाहिलं, मग मला पाहिलं, मग पुन्हा पातं. "कुणी केलं हे?" मी म्हटलं, शेजारणीने. "त्या शेजारणीला सांगा," तो म्हणाला, "दातेरी पात्याला एकाच बाजूने उतार असतो. दुसरी बाजू सपाट. धार लावायची ती उताराच्याच बाजूने, तीही निमुळत्या गोल कानशीने, एकेका खाचेत वेगळी. चार-सहा हात मारायचे, बास. मग सपाट बाजूने दगडावर एकदाच हलकं फिरवायचं, उलटलेली कड निघण्यापुरतं. आडवं टाकून घासायला ती काय खरकटी कढई आहे?" मी विचारलं, मग आता तुम्ही चाकावर धरून खाचा परत पाडून द्याल का? तो म्हणाला, "चाक लावलं तर उरलेलंही जाईल. याला सावकाशीचं काम लागतं. शेजारणीला जमायचं नाही." त्या शेजारणीचा इतका अपमान कुणी केलेला मी कधी ऐकला नव्हता.

चाकू मी पुसून, सांध्यात तेलाचा थेंब सोडून (निदान तेवढं तरी!), मिटून, हातमोज्यांखाली होता तसा ठेवून दिला. शुक्रवारी सूनबाईने तो काढला. उघडला. उजेडात धरला. मी सुतळीच्या गठ्ठ्यांची मांडणी करत होते, म्हणजे एकच गठ्ठा उचलून ठेवत होते. तिने पिशवीतून पेन्सिलीएवढी निमुळती गोल सळई काढली, हिऱ्याची पूड लावलेली, आणि खिडकीपाशी बसून पहिली खाच उकरायला लागली. रोज दुपारी जेवण झालं की एक खाच. आणि तिसऱ्या दिवशी, मान वर न करता, अगदी गोड आवाजात म्हणाली, "नायलॉन पात्याला फार झिजवतं ना, अहो आई?"

विहीणबाई, तुमच्या लेकीने आरडाओरडा केला असता तर मी दुप्पट आवाजात उत्तर दिलं असतं. तेवढा सराव मला आहे. पण हे काय शस्त्र म्हणायचं? मी 'हो ना' म्हटलं आणि तोच सुतळीचा गठ्ठा पुन्हा उचलून ठेवला. रोज दुपारी ते खस खस ऐकायचं. सांगून टाकावं म्हणून चारदा उठले, आणि चारही वेळा तिला पाणी हवंय का एवढंच विचारून बसले. ती पोरगी त्या आठवड्यात इतकं पाणी प्यायली, की शेवटी बाटलीच घेऊन बसायला लागली.

सात खाचा झाल्या होत्या त्या दिवशी मी मशीनवर तंबूवाल्यासाठी दोर गुंडाळत होते. माझ्या अंगावर कामाचा एप्रन. त्याचे बंद दर महिन्याला तुटायचे, म्हणून मी स्वतः आमच्याच दुकानातला पट्टा शिवला होता, माणूस टांगला तरी न तुटणारा. (या वाक्याचा अभिमान मी आता बाळगत नाही.) कमरेच्या पट्ट्याचं मोकळं टोक दोराबरोबर रिळात गेलं. पहिल्यांदा वाटलं, मागून कुणी हाक मारतंय. मग वाटलं, कुणी ओढतंय. मग माझे पाय मला न विचारता मशीनकडे चालायला लागले. मी एक हात चौकटीला टेकला आणि ओरडले, "बटण! बटण बंद करा!" बटण काउंटरमागच्या भिंतीवर. आमचे हे ताडकन उठले, त्यांचा चष्मा पडला, आणि त्यांनी घाईघाईने भिंतीवरचा पंखा बंद केला. मग दिवा. माझा चाकू खिशात, खिसा एप्रनखाली, आणि एप्रन इतका आवळलेला की श्वासही आडवा होऊन आत जात होता. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला फार भीती वाटली. तळवा घसरत होता आणि रीळ हातभर अंतरावर होतं.

सूनबाई शिडीवर होती. ती उतरली कधी ते मला दिसलं नाही. फक्त एका हाताने पातं उघडल्याचा टक् आवाज ऐकू आला. "हलू नका," ती म्हणाली. अहो नाही, आई नाही. पट्टा ताणलेला, त्यावर पातं ठेवलं आणि ओढलं: खर्र. अडकलं. ती पात्याच्या बुडाकडे सरकली, जिथे नव्या केलेल्या खाचा होत्या, आणि पुन्हा ओढलं. पट्टा सुटला आणि मी सुतळीच्या गठ्ठ्यावर बसले. एप्रन तेवढा माझ्या अंगावरून उतरून रिळावर गेला, व्यवस्थित गुंडाळला गेला, आणि मोजलाही गेला. मग ह्यांना योग्य बटण सापडलं.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझी बोटं एकेक करून वाकवून पाहायला लागली. तेव्हा मला राहवलं नाही.

"तुझा चाकू मी घासला होता. दगडावर," मी म्हटलं.

"माहितीय," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी घासलात. तुमच्याशिवाय दोन्ही बाजू इतक्या सारख्या कुणाला घासता येतात?"

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. रोज उठायचात की सांगायला. मी पाण्याने फुगले."

"चुकलं माझं," मी म्हटलं. यावर ह्यांनी चष्मा शोधणं सोडून वर पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणालीस? पुन्हा म्हण." मी म्हटलं नाही. पण आम्ही दोघी हसायला लागलो, आणि मला हसता हसता रडू आलं, आणि तिने माझं डोकं खांद्यावर घेतलं. एवढ्यात तंबूवाला दोर न्यायला आला आणि काहीतरी घरगुती चाललंय असं समजून बाहेर जाऊन उभा राहिला.

आता सगळं उत्तम आहे. अकराच्या अकरा खाचा परत आल्या आहेत. पहिल्याइतक्या खोल नाहीत, पण कापतात. शेवटच्या चार मी केल्या, तिच्या देखरेखीखाली. मधे मी अर्धी धार साधी आणि अर्धी दातेरी असा एक चाकू घेऊन पाहिला, म्हटलं समेटाचा समेट होईल. खिशात ठेवायला, प्रवासाला न्यायला झकास आहे. पण दुकानात दोर कापताना दात संपतात आणि ताडपत्री कापताना धार संपते. दोघांच्या संसारात तिसऱ्याने अर्धं अर्धं ऐकावं तसं होतं. तो मी मुलाला दिला. आम्ही दोघी आपापले वेगळे चाकू ठेवतो, आणि लागेल तेव्हा न विचारता एकमेकींचे वापरतो. सोमवारी मी माझा दगडावर घासते आणि ती समोर बसून तिची सळई चालवते. मोटरचं बटण आता भिंतीवरून काढून थेट मशीनपाशी बसवलं आहे. एप्रनला साधे सुती बंद आहेत. तुटले तर तुटू देत.

व्याह्यांना पुन्हा नमस्कार. कंबरेला शेक घ्या.

तुमची विहीण

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण म्हणजे तुमच्याकडे दातांच्या मुळात घालायच्या त्या बारीक कानशी असतात, त्या वापरून टाकून दिलेल्या असतील तर उकळून पाठवाव्यात. खाचांच्या कोपऱ्यांत अडकलेलं नायलॉन काढायला बऱ्या पडतील, आणि ह्यांचा ब्रशही सुटेल.

ता. क. २. ते खरं कारण नव्हे. मागच्या आठवड्यात सूनबाई जिन्यावर तुमच्याशी फोनवर बोलत होती आणि मी जिन्याखाली सुतळी लावत होते. (सुतळी तिथे नसते, पण त्या दिवशी होती.) तुम्ही दवाखाना मोठा करताय आणि तो सांभाळायला तिला बोलावताय, असं माझ्या कानावर पडलं. हक्क तुमचाच. मी सासू आहे, आडकाठी करणार नाही, तिला एका शब्दाने विचारलंसुद्धा नाही. फक्त रोज तिला सकाळचा पहिला चहा आणि साय मी देते, शिडीवर आता मीच चढते, आणि रविवारी तिला उशिरापर्यंत झोपू देते. तुम्हाला एवढंच सांगते की दवाखाना सांभाळायला शिकलेली माणसं पुष्कळ मिळतात. जाहिरात दिली तर रांग लागेल. जाहिरात मी लिहून देते. विहीणबाई, तिला नेऊ नका हो.

ता. क. ३. हे तिला कळू देऊ नका. पाकीट तीच चिकटवून पेटीत टाकणार आहे, पण काळजी नको. दुसऱ्यांची पत्रं ती वाचत नाही.

*आई, मी गं. मी येत नाहीये, हे तुला त्याच दिवशी सांगितलंय. अहो आईंना अजून सांगितलेलं नाही. तूही एवढ्यात सांगू नकोस. साय छान असते.*